सहा लाखांत पळणारी सेकंडहँड हॅचबॅक : पोलो जीटी, बलेनो आरएस की अबार्थ?

घाटवेडा | १८ ऑगस्ट २०२४, रात्री ११.०४

२५ जुलैच्या पहाटे सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमची २०१४ ची वॅगन आर पार्किंगमध्ये उभी होती. जिन्यावरून खाली बघितलं तर नुसतं छत दिसत होतं. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून बघायचा मोह आवरला (शेजाऱ्याने फिरवली, त्याचं इंजिन गेलं आणि क्लेमचं भांडण अजून चालू आहे). टो करून नेली. सर्व्हेअर आला, डॅशबोर्डवरच्या गाळाच्या रेषेचे चार फोटो काढले आणि दहा मिनिटांत 'टोटल लॉस' म्हणून मोकळा झाला. एक लाख पासष्ट हजार हातात आले. दहा वर्षांचा संसार होता.

तर आता गाडी घ्यायचीच आहे. वय ४१. आजवर घेतलेलं प्रत्येक वाहन 'किती देते?' या एकाच प्रश्नावर घेतलं. या खेपेला मला पळणारी गाडी हवी आहे. एसयूव्ही नको, सेडान नको. लहान, खाली बसकी, पाय दाबला की ओढणारी.

वापर : आठवड्यातून दोनदा हिंजवडी. महिन्यातून एकदा महाडजवळच्या गावी, बहुतेक ताम्हिणीतून. ताम्हिणीत वाळूच्या डंपरमागे दुसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं रांगताना जे काही मनात येतं, त्यातूनच हा धागा निघाला आहे.

घरच्या अटी : आईचे गुडघे दुखतात, तिला मागच्या सीटवर बसता-उठता आलं पाहिजे. बायकोची अट एकच, टायर-विमा-ट्रान्सफर सगळं धरून सहा लाखांच्या वर एक रुपया नाही.

मनात तीन आहेत : फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (२०१४ ते १७), मारुतीची बलेनो आरएस आणि, हसू नका, फियाटची अबार्थ पुंटो.

---

मध्यममार्गी | १८ ऑगस्ट, रात्री ११.३१

सहा लाखांत नवी कोरी गाडी येते, वॉरंटीसकट. दुसऱ्याने पिळून काढलेली टर्बो गाडी कशाला घ्यायची? एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा, घाटात त्याहून कमी, आणि आता कॅमेरे बसलेत. पळवणार कुठे?

---

घाटवेडा | १८ ऑगस्ट, रात्री ११.४०

एकशे साठने जायचंच नाहीये हो. चाळीसवरून ऐंशीला पटकन जायचंय, डंपर मागे पडेपर्यंत.

---

चाकणवाली | १९ ऑगस्ट, सकाळी ८.१२

माझं पोट चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांवर चालतं, त्यामुळे पोलोबद्दल मी थोडी हळवी आहे हे आधीच सांगते. २०१० ते २०२२ ही गाडी आपल्या उशाशी बनत होती. दार लावल्यावर जो 'ठप्' आवाज येतो त्यावर माणसं आजही लाखभर जास्त देतात.

पण तुम्ही जे मॉडेल म्हणताय ते नीट समजून घ्या. २०१३ ते २०२० ची जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), आणि गिअरबॉक्स फक्त ७ स्पीड डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. मॅन्युअल मिळतच नव्हता. या डीएसजीत दोन क्लच असतात, एकावर १-३-५-७ आणि दुसऱ्यावर २-४-६ आणि रिव्हर्स. एक गिअर चालू असतो तेव्हा पुढचा दुसऱ्या क्लचवर आधीच लागलेला असतो, म्हणून गिअर डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतो. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखं सुख नाही.

गोम अशी की हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. रहदारीत गाडी दोन फूट पुढे, थांब, परत दोन फूट असं चालवलं की क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. शिवाय गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक डबा, ज्याला मेकाट्रॉनिक म्हणतात, तो गेला तर बिल लाखाच्या घरात. याच जातीच्या डीएसजीपायी २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. म्हणजे घेऊच नका असं नाही. पण राजाराम पूल ते धायरी हा रस्ता त्या गिअरबॉक्ससाठी बनलेला नाही.

बघायला गेलात तर एवढं करा. इंजिन रात्रभर थंड असताना जा, मालकाने आधी तापवून ठेवली असेल तर परत या. सुरू करताना दोन सेकंद इंजिनातल्या चेनचा खडखडाट येतो का ऐका. सपाट जागी ब्रेक हळूच सोडा, गाडी आपणहून सरळ सरकली पाहिजे, हिसके नकोत. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना थरथर आली तर क्लच संपत आलाय. आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड दाखवणारा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका.

२०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल मिळाली तर डोळे मिटून घ्या. ११० पीएस, सहा गिअर, क्लच तुमच्या पायाखाली. पण सहा लाखांत ती मिळेल असं वाटत नाही. उत्पादन बंद झाल्यापासून मालक सोनं विकल्यासारखे विकतात.

---

रांजणगावकर | १९ ऑगस्ट, दुपारी १.२०

अबार्थचं नाव काढलंत आणि हसू नका म्हणालात. आम्ही हसत नाही, आम्ही रडतो.

२०१५ साली फियाटने १० लाखांच्या आत (एक्स-शोरूम ९.९५) १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ एनएम, चारही चाकांना डिस्क ब्रेक अशी गाडी आणली. तीही आपल्या रांजणगावात जोडलेली. त्या किमतीत तेवढी ताकद तेव्हा कुणाकडे नव्हती आणि आजही फारशी नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक. रस्त्यावरचा खडा हाताला कळतो. आणि विकल्या किती गेल्या? लोक शोरूममध्ये जाऊन 'ॲव्हरेज किती?' विचारून परत यायचे.

आता वाईट बाजू. मागची बसायची जागा अडचणीची, आईंचे गुडघे असतील तर विसरा. इंजिनाचे पार्ट इटलीचे. फियाटचं दुकान बंद झाल्यावर आम्ही सगळे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांच्या गाड्या जगवतो. कुणाकडे वॉटर पंप, कुणाकडे टायमिंग बेल्ट, आणि पुण्यात दोन-तीन म्हातारे मिस्त्री आहेत ज्यांच्या तब्येतीची चौकशी आम्ही रोज करतो. दुसरी गाडी घरात असेल तरच अबार्थ घ्यावी. एकमेव गाडी म्हणून घेतलीत तर पार्टची वाट बघत रिक्षाने फिराल.

(मी विकणार नाहीये. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका.)

---

निवृत्त_पालियो | १९ ऑगस्ट, दुपारी ३.०५

रांजणगावकर, आमच्या जखमेवर मीठ. मी २००२ मध्ये पालिओ १.६ घेतली होती. शंभर घोडे. त्या काळी बाजूने झेन-सँट्रो जायच्या आणि आम्ही खंबाटकीत तिसऱ्या गिअरमध्ये सगळ्यांना मागे टाकायचो. सचिनच्या नावाची एस१० सुद्धा निघाली होती तिची. लिटरला आठ-नऊ द्यायची, पेट्रोल पंपावरचा पोरगा नावाने ओळखायचा.

अवांतर झालं. चालू द्या.

---

रंकाळा_राउंड | १९ ऑगस्ट, संध्या. ६.४८

भावा, सगळी पेट्रोलच्या मागं लागल्यात. फिगो १.५ डिझेल घे की. १०० पीएस हाय, पण टॉर्क बघ, २१५. चौथ्या गिअरमधी नुसता पाय ठेवला की गाडी उठती. आमच्या एका पाव्हण्याची हाय, कोल्हापूर-आंबोली-सावंतवाडी वर्षभर चालती, कुठं आवाज न्हाई. फोर्ड गेली म्हणून लोक भ्यात्यात, म्हणून स्वस्तात मिळती. चार-साडेचारला चांगली घावंल. उरल्यालं दीड लाख बायकोला दे. नाद खुळा.

---

चाकणवाली | १९ ऑगस्ट, संध्या. ७.१५

रंकाळा_राउंड यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फोर्डने उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवलेत. ते डिझेल इंजिन खरंच दणकट आहे. फक्त एक सांभाळा : दिल्लीहून आलेली डिझेल घेऊ नका. तिकडे दहा वर्षं झालेल्या डिझेल गाडीवर बंदीची टांगती तलवार, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या गाड्या कवडीमोलाने इकडे येतात. मग दिल्लीची एनओसी (ना हरकत दाखला) आणा, महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरा. स्वस्ताई तिथेच संपते.

---

कॉव्हेंट्रीकर | १९ ऑगस्ट, रात्री १०.५०

गंमत म्हणून सांगतो. ज्या गाडीवरून 'हॉट हॅच' (लहान पण पळणारी गाडी) ही जात रूढ झाली ती फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय १९७६ साली रस्त्यावर आली तेव्हा तिची ताकद होती ११० पीएस! फक्त वजन आठशे किलोच्या आसपास, त्यामुळे ती वाऱ्यासारखी जायची. म्हणजे तुमची यादी अगदी घराण्यातली आहे. आकड्यांना वजनाने भागून बघा. बलेनो आरएस १०२ पीएस आणि साडेनऊशे किलो, पोलो जीटी १०५ आणि अकराशे. कागदावर पोलो मोठी, घाटात बलेनो हलकी.

इथे इंग्लंडमध्ये सगळं उलटं आहे. १८२ पीएसची जुनी फिएस्टा एसटी तुमच्या बजेटात आरामात येते, पण भाच्याला विम्याचा जो आकडा सांगितला तो ऐकून त्याने सायकल घेतली.

---

फॉर्म_एकोणतीस | २० ऑगस्ट, सकाळी ७.३०

घोड्यांची चर्चा चालू द्या, मी कागदांची करतो.

गाडी आवडली की आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघा : कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, चलनं किती थकलीत. पळणाऱ्या गाडीची चलनं हा तिच्या मालकाचा स्वभावदाखला असतो. सातशे दिवसांत बारा वेळा वेगमर्यादा मोडलेला माणूस इंजिन गरम व्हायची वाट बघत नसणार.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सवलत) गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचा. तुमचा स्वतःचा टोटल लॉसच्या क्लेमने गेलाच आहे, त्यामुळे विम्याला हिशेबापेक्षा थोडे जास्त धरा. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा, नाहीतर तुम्ही खेड-शिवापूरला टोल भरणार आणि मेसेज त्याला जाणार.

आणि धागाकर्ते, तुमच्या बुडालेल्या वॅगन आरची आरसी कुणाच्या नावावर गेली, बघितलंत का?

---

घाटवेडा | २० ऑगस्ट, सकाळी ९.०२

ती विमा कंपनीने भंगारवाल्याला दिली. सह्या करून दिल्यात सगळ्या. आता तिचं काय बघायचं.

---

घाटवेडा | १ सप्टेंबर, रात्री ९.४५

अपडेट १ : पोलो

२०१५ ची जीटी टीएसआय, चिंचवड, एमएच १४ पासिंग, ६२ हजार रनिंग. मालक मागतोय ५.४०.

सकाळी सातला गेलो, बोनेटवर हात ठेवला, थंड. मालकाने वाईट वाटून घेतलं नाही, उलट म्हणाला, 'वाचून आलेले दिसताय.' स्पाइन रोडवर चालवली. काय सांगू. तिसऱ्यातून चौथ्यात गेलेलं फक्त काट्यावरून कळलं. मी बाजूला बसलेल्या बायकोकडे बघितलं, ती दाराचं हँडल धरून बसली होती, पण हसत होती.

परत येताना थरमॅक्स चौकात सिग्नलला सरकत-सरकत यावं लागलं. तिथे दुसऱ्यांदा ब्रेक सोडताना बुडाखाली एक बारीक थरथर आली. मिक्सरच्या भांड्यात खोबऱ्याचा तुकडा अडकल्यावर ओट्याला जी लागते तशी. बायको म्हणाली, 'हे काय होतंय?' गाड्यांतलं तिला काही कळत नाही, तरी तिला जाणवलं.

मालक म्हणाला, 'सगळ्यांना येतं.' कदाचित येतही असेल. नमस्कार करून निघालो.

---

चाकणवाली | १ सप्टेंबर, रात्री १०.१०

मिक्सरची उपमा गॅरेजमध्ये भिंतीवर लावायला हवी. बरं केलंत.

---

तीन_सिलिंडर | २ सप्टेंबर, सकाळी १०.३३

बलेनो आरएसवाला बोलतोय, पाच वर्षं झाली. इतका वेळ गप्प होतो कारण आमच्या गाडीला कुणी गाडी म्हणतच नाही. बाहेरून साध्या बलेनोसारखीच दिसते. दुष्मनाला कळत नाही, हाच फायदा.

२०१७ मध्ये आली, बीएस६ च्या (२०२० च्या प्रदूषण नियमांच्या) तोंडावर बंद झाली. १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, तीन सिलिंडर, थेट इंजेक्शन, १५० एनएम १७०० आरपीएमपासून. त्याखाली मात्र गाडी झोपलेली असते. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्यात निघालात तर एक... दोन... आणि मग उठते. सवय होते. मागेही डिस्क. सस्पेन्शन थोडं कडक. पोलोसारखा 'ठप्' आवाज नाही, दार पत्र्याच्या डब्यासारखं लागतं, हे मान्य. पण मागची जागा मैदान आहे. तुमच्या आई पाय पसरून बसतील.

एक गोष्ट विसरू नका. २०२३ मध्ये कंपनीने ७,२१३ आरएस गाड्या परत बोलावल्या होत्या, ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ मधल्या. ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्युम पंपासाठी. बदलला नसेल तर ब्रेक दाबायला जड जाऊ शकतो. फुकट करून देतात, चॅसी नंबर देऊन विचारा. ज्याने हे काम केलेलं नाही त्याने गाडीकडे बाकी काय लक्ष दिलं असेल ते समजून जा.

---

मध्यममार्गी | २ सप्टेंबर, सकाळी ११.००

१०२ पीएस आणि दार पत्र्याचं. आय२० एन लाइन का नाही? १२० पीएस.

---

तीन_सिलिंडर | २ सप्टेंबर, सकाळी ११.०४

कारण २०२१ ची आहे आणि बायकोची अट सहा लाखांची आहे. धागा वाचून प्रतिसाद देत जा राव.

---

घाटवेडा | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

अपडेट २ : हे सविस्तर लिहितो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल

गणपतीच्या गडबडीत एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे बलेनो आरएस मिळाली. नाव-गाव लिहीत नाही. २०१८ ची, निळी, ३६ हजार रनिंग, किंमत ४.६०. बाजारभावापेक्षा लाखभर कमी. तिथेच शंका यायला हवी होती, पण गाडी इतकी चकाचक होती की आपलंच नशीब फळफळलं असं वाटलं. टायर काळेभोर, डॅशबोर्ड पॉलिश मारलेला, आत अत्तराच्या तीन बाटल्या लटकवलेल्या.

तीन. मी दार उघडलं, श्वास घेतला आणि अत्तराच्या खालून तो वास आला.

हा वास मला माहीत आहे. २५ तारखेनंतर पंधरा दिवस आमच्या जिन्यात, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या खोलीत हाच होता. ओल्या गोणपाटाचा, वर थोडं डिझेल.

डीलर चहा सांगायला गेला तेवढ्यात ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढायला लागलो. सगळे जण ओढतात तेवढा नाही, पूर्ण. रीळ संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेष होती. गाडी धुणारा माणूस सीट काढून धुतो, कार्पेट बदलतो, पण बेल्ट शेवटपर्यंत कुणी ओढत नाही. मग सीट मागे सरकवून रुळांत बोट घातलं. नखात पिवळट गाळ आला. खालचे बोल्ट लाल गंजलेले. सहा वर्षांच्या, ३६ हजार चाललेल्या गाडीचे सीटचे बोल्ट गंजत नाहीत. मागे स्टेपनी उचलली तर खळग्याच्या सांध्यात वाळू.

डीलर चहा घेऊन आला. मी बोट दाखवलं. त्याने बघितलं, म्हणाला, 'साहेब, कोकणात ट्रिपला गेली असेल, बीचवर.'

चहा प्यालो. चांगला होता. निघालो.

घरी आल्यावर खूप वेळ ते डोक्यातून जाईना. ती गाडीही कुणाची तरी होती. कुठल्या तरी पार्किंगमध्ये नुसतं छत दिसत असेल तिचं.

---

फॉर्म_एकोणतीस | १४ सप्टेंबर, रात्री १०.४१

वाचनखूण साठवली. सीटबेल्टची युक्ती आरटीओच्या बाहेर फलकावर लिहायला हवी.

आणि म्हणूनच मी तुमच्या वॅगन आरबद्दल विचारत होतो.

---

रंकाळा_राउंड | १४ सप्टेंबर, रात्री ११.१५

२०१९ च्या पुरानंतर आमच्याकडच्या किती गाड्या धुऊन-पुसून बाहेरच्या जिल्ह्यांत खपल्या, त्याची चर्चा आजून कट्ट्यावर चालती. वासावर विश्वास ठेव भावा.

---

रांजणगावकर | १६ सप्टेंबर, दुपारी १२.२५

एक आनंदाची बातमी आणि एक मोह. ग्रुपवर एकाची अबार्थ निघाली आहे, सांगलीत, ५.७५. डॉक्टरची आहे, पहिला मालक. तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं.

---

घाटवेडा | १६ सप्टेंबर, दुपारी १२.४०

सांगायला नको होतं.

---

घाटवेडा | २२ सप्टेंबर, रात्री ११.३०

अपडेट ३ : कराड आणि सांगली

दोन्ही एका दिवसात केल्या. आईला बरोबर नेलं, कारण गुडघ्यांचा निकाल तिनेच द्यायचा होता. ती निघतानाच म्हणाली, 'पितृपंधरवड्यात गाडी बघायला निघालेली माणसं पहिल्यांदाच बघतेय.' मी म्हटलं, बघायला काय जातंय.

आधी सांगली. अबार्थ पांढरी, लाल पट्ट्यांची. डॉक्टरांनी किल्ली दिली आणि स्वतः आत गेले, म्हणाले, 'मी बाजूला बसलो तर विकायचं रद्द करीन.' मिरजेच्या रस्त्याला मोकळा पट्टा मिळाल्यावर तिसऱ्यात पाय दाबला. रांजणगावकर, तुम्ही का रडता ते कळलं. २१२ एनएम म्हणजे आकडा नाही, कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतं. स्टिअरिंग इतकं जिवंत की परत आल्यावर हात हलके वाटत होते.

आई मागे बसली. बसली ती बसलीच. उतरवायला डॉक्टरांच्या कंपाउंडरला बोलवावं लागलं. ती काही बोलली नाही, पदराने कपाळ पुसलं. विषय तिथेच संपला. किल्ली परत देताना डॉक्टर म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, 'गुडघे.' ते ऑर्थोपेडिकच निघाले, नुसती मान हलवली.

मग परत येताना कराड. बलेनो आरएस, २०१८, एमएच ५०, ४१ हजार. मालक निवृत्त, मुलगा जर्मनीला गेला, त्याची गाडी. सगळी बिलं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारीखवार, वर दोरी. व्हॅक्युम पंप बदलल्याचा कागद मी मागायच्या आधी काढून ठेवला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, ते गंमतीने बघत होते. पट्टा कोरा. स्टेपनीचा खळगा कोरडा. टायरवर १२१८, म्हणजे २०१८ च्या बाराव्या आठवड्यातले, कंपनीचेच. नक्षी शिल्लक आहे पण रबर वाळलंय, बदलावे लागणार.

पाटणच्या रस्त्याला घेऊन गेलो. दार पत्र्यासारखं लागतं, खरं आहे. १७०० च्या खाली झोपते, खरं आहे. आणि मग उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो. तिसरा गिअर, समोर रस्ता मोकळा, पाय दाबला, आणि ट्रॉल्या आरशात गेल्या. एवढंच. डंपरचं उत्तर मिळालं. अबार्थसारखं काळजात काही झालं नाही, पण मागे आई डुलकी घेत होती.

मागत होते ५.६०. टायर दाखवले, ५.२५ ला आले. मी म्हटलं, घटस्थापनेला नेतो. ते म्हणाले, 'टोकन तरी आज द्या.' आईकडे बघितलं. ती म्हणाली, 'मोबाइलवरून देणार ना? ते कुठे दिसतंय कुणाला.'

---

निवृत्त_पालियो | २३ सप्टेंबर, सकाळी ६.५५

पितरांनाही यूपीआय कळत नाही, बरोबर आहे. अभिनंदन! बाकी सेकंडहँड घ्यायची तर पितृपंधरवड्यातच बोली लावावी. गिऱ्हाईक नसतं, मालक पंचवीस-तीस हजार सहज खाली येतो.

---

चाकणवाली | २३ सप्टेंबर, सकाळी ९.२०

फाइलला दोरी बांधणाऱ्या माणसाची गाडी घेतलीत, यापेक्षा चांगलं स्कॅनिंग नाही. (तरीही एकदा स्कॅनर लावा.) थेट इंजेक्शनचं इंजिन आहे, ऑइल वेळेआधी बदला आणि लांबून पळवून आणल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट टर्बो थंड होऊ द्या.

---

घाटवेडा | ५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

गुरुवारी घटस्थापनेला गाडी घरी आली. हिशेब : गाडी ५.२५, चार टायर ३१ हजार, विमा बदल आणि फरक, आरटीओ, ऑइल-फिल्टर मिळून २३ हजार. ५.७९. बायकोने कागदावर बेरीज दोनदा केली.

काल ताम्हिणी. लिटरला १३.८ दिलं. वॅगन आर अठरा द्यायची. या विषयावर घरात अद्याप चर्चा झालेली नाही.

---

मध्यममार्गी | ५ ऑक्टोबर, रात्री ९.४४

अभिनंदन. फोटो टाका. आणि कधी पुण्यात भेटलो तर एक चक्कर द्या, बघू काय असतं ते.

---

फॉर्म_एकोणतीस | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

पेढे. आता तरी वॅगन आरचा नंबर ॲपवर टाका.

---

घाटवेडा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.२६

टाकला. नावात मधली अक्षरं झाकलेली आहेत, पण पुढची-मागची माझीच. गाडी अजून माझ्या नावावर आहे.

---

घाटवेडा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.३१

आणि एक चलन आहे. १९ सप्टेंबर, सोलापूर, सिग्नल तोडला. फोटो आहे. नंबर प्लेट तीच, मागच्या काचेवरचा मुलाने लावलेला स्टिकरही तसाच. भंगारात गेलेली गाडी सोलापुरात सिग्नल तोडतेय.

---

फॉर्म_एकोणतीस | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.३३

सह्या केलेल्या फॉर्म २९ ची झेरॉक्स ठेवलीय? आणि क्लेमचं सेटलमेंट लेटर?

---

घाटवेडा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.४७

लेटर आहे. झेरॉक्सपण सापडली, तीही गाळाचा डाग पडलेली. उद्या सोमवार, दहाला आरटीओच्या दारात उभा असेन. बलेनो घरी ठेवून बसने जाणार आहे, तिथे पार्किंग मिळत नाही.